काकांचं नाव घेत जा

अगं बाय, परवा रात्री फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस आणि मग एवढंच म्हणालीस, "ताई, आता मिस्सा देऊन काय होणार? बोलायचं ते राहूनच गेलं." मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र झोप आली नाही. म्हणून आज कामं उरकून, दार लोटून, निवांत लिहायला बसले आहे. तूही निवांत वाच.

आधी काकांबद्दल, म्हणजे तुझ्या बाबांबद्दल. मयताच्या दिवशी जो तो सांगत होता, किती देवमाणूस होता. तू खाली मान घालून ऐकत होतीस. तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं, कारण मीही त्याच अंगणात वाढले आहे. काका पहाटे पानाच्या करंड्या घेऊन पहिल्या गाडीने दादरला जायचे, येताना आम्हा सगळ्या पोरांसाठी काहीतरी आणायचे. संध्याकाळी पिऊन आले की ह्याच पोरांना घरात लपावं लागायचं. काकी बावखलाच्या काठी जाऊन बसायची. हे दोन्ही काका खरे होते. तुझ्या लग्नानंतर आठ महिने तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. मग तो सकाळचा फोन आला.

तुला वाटतं, तुझाच दोष. मी त्याचा निवाडा करणार नाही. पण आई गेली तेव्हाचं एक तुला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगते. तिच्या आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री तिने चौथ्यांदा पाणी मागितलं आणि मी खेकसले, "आता झोप ना गं." पाणी दिलं, पण खेकसून दिलं. त्यानंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही. ते वाक्य माझ्याजवळ कितीतरी वर्षं काट्यासारखं राहिलं. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणजे काय, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. कळलं ते त्या काट्यापायी.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मांडवात दोन गोष्टी तुझ्या कानावर पडल्या. एक मावशी म्हणाली, तीस मिस्सा झाल्याशिवाय त्याची आगीतून सुटका नाही. दुसऱ्या बाजूने कुणीतरी म्हणालं, अगं तो केव्हाच स्वर्गात पोचला, रडतेस काय. तू दोन्ही ऐकलंस आणि गोंधळलीस. बोलणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, पण एकीने तुला भीती घातली आणि दुसरीने तुझ्या हातचं काम काढून घेतलं.

चर्चची शिकवण ह्यापेक्षा साधी आहे. देवाच्या कृपेत मरण आलेला, पण अजून पुरता शुद्ध न झालेला माणूस तारलेलाच असतो. त्याचं पोचणं नक्की असतं. देवाच्या समोर उभं राहण्याआधी जे धुऊन निघायला हवं ते धुऊन निघतं, त्या धुण्याला आपण शुद्धीस्थान म्हणतो. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात हे जेमतेम तीन परिच्छेदांत सांगितलंय. तिथे तारखा नाहीत, नकाशा नाही, किती अंश ताप तेही नाही. इटलीतल्या जेनोवा शहरात संत कॅथरीन होऊन गेली, मोठ्या इस्पितळात रोग्यांची सेवा करणारी विवाहित बाई. १५१० साली ती वारली. तिची शिकवण अशी होती की शुद्धीस्थानातल्या आत्म्यांना वेदना असते, पण त्यांच्यासारखा आनंदही स्वर्ग सोडला तर कुठे नसतो, कारण गंज झडत जातो तसा देवाचा प्रकाश आत शिरत जातो. काकांबद्दल विचार करताना मला हे फार पटतं. दारूचा, रागाचा, हट्टाचा गंज झडतोय, आणि खालून तो करंड्या वाहणारा माणूस निघतोय.

आता त्या तीस मिस्सांचं. मावशीने धसका दिला, पण त्यामागची मूळ गोष्ट तिला कुणी सांगितली नसावी. पोप महान ग्रेगरी यांनी ती सहाव्या शतकाच्या अखेरीला स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती तुझ्यासाठीच लिहिली असावी असं मला वाटतं.

रोममध्ये ग्रेगरींच्या मठात युस्तुस नावाचा एक संन्यासी होता. त्याला वैद्यकी यायची, आजारपणात तो ग्रेगरींची सेवा करायचा. तो स्वतः मरणपंथाला लागला तेव्हा कळलं की त्याने औषधांत तीन सोन्याची नाणी लपवून ठेवली आहेत. मठात कुणाचं स्वतःचं असं काही नसायचं. ग्रेगरी संतापले. त्यांनी हुकूम दिला, मरताना कुणी त्याच्याजवळ जायचं नाही. तो गेल्यावर त्याला इतरांबरोबर न पुरता उकिरड्याच्या खड्ड्यात पुरलं, आणि ती नाणीही वरून टाकली. ज्याने आपली शुश्रूषा केली, त्याला ग्रेगरींनी एकट्याला मरू दिलं.

तीस दिवस गेले. मग ग्रेगरींच्या पोटात तुटायला लागलं. त्यांनी मठाच्या व्यवस्थापकाला बोलावून सांगितलं, आजपासून सलग तीस दिवस त्याच्यासाठी रोज मिस्सा अर्पण करा, एक दिवसही चुकवू नका. पुढे इतर कामांत दिवस मोजायचे राहून गेले. एका रात्री युस्तुस आपल्या सख्ख्या भावाला दिसला. भावाने विचारलं, कसा आहेस? तो म्हणाला, आतापर्यंत हाल होते, आज बरा आहे. भावाने मठात येऊन सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी बोटांवर मोजलं. तो तिसावा दिवस होता.

ह्यावरूनच ग्रेगरियन मिस्सांची चाल पडली, सलग तीस दिवस एकाच मृतासाठी. पण गोष्टीत काय आहे बघ. मोजणी नंतरची आहे. आधी आहे तो पश्चात्ताप झालेला एक जिवंत माणूस, ज्याने मरणाऱ्याशी बोलणं तोडलं होतं. ग्रेगरींना युस्तुसची माफी मागायला समोर युस्तुस नव्हता. उरली होती ती वेदी. ते तिथे गेले.

म्हणून "बोलायचं राहून गेलं" हे जे तू म्हणतेस ना, ते आपल्या धर्मात कायमचं राहत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली आशेवर एक परिपत्रक लिहिलं, 'स्पे साल्वी'. त्यात मृतांसाठी प्रार्थनेचा भाग आला की मी दरवेळी थांबते. त्यांचं म्हणणं असं की गेलेल्या आपल्या माणसाला मायेची, उपकाराची, अगदी क्षमायाचनेची खूण पोचवावी असं कुणाला वाटत नाही? ती पोचते. एका माणसाचं आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्यात गुंतलेलं असतं, ती गुंतवण मरणाने सुटत नाही, आणि दुसऱ्याच्या हृदयाला स्पर्श करायला कधीच उशीर झालेला नसतो. एवढा मोठा धर्मपंडित, पण हे त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यासारखं लिहिलंय. मी आईची माफी मागितली ती हे वाचल्यावर. मिस्सामध्ये, मोठ्याने नाही.

आता तुझ्या सासरचं. तुझ्या सासूबाई नगरच्या जुन्या प्रॉटेस्टंट मिशनरी परंपरेतल्या, बायबल त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलमध्ये नाही. बाय, त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्या हातातल्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, आपल्यात ७३. मक्काबींचं दुसरं पुस्तक त्यांच्याकडे नाही. त्याच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेली आपली माणसं पुरायला जातो, तर त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. म्हणजे मेले ते लोक चुकलेलेच होते. यहूदा त्यांना टाकून देत नाही. सगळे मिळून प्रार्थना करतात, वर्गणी काढतात, आणि चांदीची सुमारे दोन हजार नाणी त्यांच्या पापांसाठी यज्ञ व्हावा म्हणून यरुशलेमला धाडतात. तो पुनरुत्थान मानत होता म्हणूनच हे केलं, नाहीतर मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्यात अर्थ तो काय, असं लेखकच पुढे म्हणतो.

सासूबाईंच्या बायबलमध्येही एक जागा आहे. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात तो तुरुंगात आपल्याला शोधत आलेल्या एका मित्राची आठवण काढतो आणि त्या शेवटच्या दिवशी त्याच्यावर दया व्हावी असं मागतो. तो मित्र तेव्हा हयात नसावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पण हे त्यांना दाखवायला जाऊ नकोस, तुझ्या मनाच्या समाधानापुरतं ठेव. आणि त्यांचा विरोध आला कुठून तेही समजून घे. सोळाव्या शतकात युरोपात इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेची सूट, पैसे घेऊन वाटली जायची. मेलेल्या आईबापांच्या नावाने गरिबांच्या कनवटीचे पैसे काढले गेले. मार्टिन लूथर १५१७ साली त्याविरुद्ध उभा राहिला. तो घाव आपल्याच माणसांनी केला होता. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने शुद्धीस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण त्याच ठरावात बिशपांना बजावलं की ह्या बाबतीत अंधश्रद्धा आणि हीन पैसेखाऊपणा चालू देऊ नका. सासूबाई ज्याच्या विरोधात आहेत, त्याच्या विरोधात आपणही असायला हवं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकते. तुमच्याकडे सध्या ओढाताण आहे, दवाखान्याचं बिल अजून फिटलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मिस्सासाठी देतो ती देणगी, किंमत नव्हे. कॅनन कायद्यातच लिहिलंय की मिस्साच्या देणगीत व्यापाराची सावलीसुद्धा पडू नये, आणि गरजू माणसाच्या हेतूसाठी धर्मगुरूंनी देणगी न घेताही मिस्सा अर्पण करावी. तेव्हा तीस मिस्सांसाठी कर्ज काढायचं नाही. फादरांना सरळ सांग, एवढंच जमेल. आणि मिस्साला नुसती पावती पाठवू नकोस, स्वतः जा. खऱ्याखुऱ्या एका मिस्साला तू मन लावून बसलीस तर काकांना ती पोचेल.

आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात प्रत्येक प्रार्थनेखाली "४० दिवस", "३०० दिवस" असं छापलेलं असायचं, आठवतं? आपण लहानपणी बेरजा करायचो. इंडल्जन्सचे ते दिवस शुद्धीस्थानातले नव्हतेच, प्राचीन काळी चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त करायला लागायचं त्या दिवसांचं ते माप होतं. पण सगळ्यांचा आपल्यासारखाच समज व्हायचा. सहावे पॉल यांनी १९६७ साली ती दिवस-वर्षांची मापं काढूनच टाकली. आता मोजायला काही नाही. मला तर त्याने सुटल्यासारखं वाटलं.

तू विचारलंस, बाबा तसे होते, त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना निघतच नाही, मग ती खोटी नाही का? ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. संत अगस्तीनचं घर आठव. आई मोनिका संत, सगळ्यांना माहीत. बाप पात्रिसियुस तापट, बाहेरख्याली. मरणाच्या आधी थोडे दिवस बाप्तिस्मा घेतलेला. मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. आधी तिला आफ्रिकेत नवऱ्याशेजारी पुरून घ्यायचं होतं, पण शेवटी मुलांना म्हणाली, देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. सुमारे दहा वर्षांनी अगस्तीनने आपली 'कबुलीजबाब' लिहिली, त्यात वाचणाऱ्याला विनवलं की माझ्या आईसाठी प्रार्थना करा, आणि तिच्याबरोबर माझ्या बापासाठीही. मोनिकासारख्या बाईसाठीसुद्धा तो "ती स्वर्गातच गेली" म्हणून मोकळा झाला नाही. आणि पात्रिसियुससारख्या बापाला त्याने वगळलं नाही. दोघांची नावं एकाच दमात घेतली. तू तेवढं केलंस तरी पुरे. प्रेम वाटायला हवं अशी अट नाही. देवा, ह्यांच्याशी मला जे जमलं नाही ते तू कर, एवढं म्हण. ती खोटी प्रार्थना नाही. राग असताना केलेली प्रार्थना देवाला कळते.

मोनिकाचं ते देहाबद्दलचं बोलणं मला आपल्याकडे वारंवार आठवतं. मुंबईकडच्या कितीतरी चर्चांच्या दफनभूमीत जागाच नाही, काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात. कबर हातची गेली म्हणून माणसं रडताना मी पाहिली आहेत. नाव वेदीपाशी असलं तर कुठली कबर नि कुणाची, बाय.

आणि ते स्वप्न. काका ओलेत्या कपड्यांनी दारात उभे दिसले, काही मागत होते, म्हणालीस. शेजारणीने भगताचं नाव सुचवलं तेही सांगितलंस. तिकडे अजिबात जायचं नाही. मेलेल्यांना बोलावून उत्तरं काढणं आपल्याला साफ मना आहे, आणि दुःखातल्या बाईला लुटणारे जागोजागी बसलेत. मृत माणूस कोपतो, घराला धरतो, त्याचं देणं फेडलं नाही तर पोराबाळांना भोवतं, अशी भीती आपल्या प्रार्थनेत नाही. आपण त्यांना घाबरून काही करत नाही. स्वप्न पडलं तर उठून बस, क्रुसाची खूण कर, एक 'आमच्या बापा' म्हण आणि झोप. काकांना तेवढं मिळालं तर ते काही मागायला येणार नाहीत. उलट तेही तुझ्यासाठी विनवणी करतील. चर्च म्हणतं की आपण त्यांच्यासाठी प्रार्थना केली की त्यांची आपल्यासाठीची विनवणीही फळते.

आपल्या आळीतला तो कॉलेजातला मुलगा तुला आठवत असेल, ज्याने स्वतःच जीव दिला. त्याची आई अजून मान वर करून चर्चमध्ये येत नाही. तिला कुणीतरी जुनं काही ऐकवलं असावं. १९१७ च्या कायद्यात अशा माणसांना चर्चचा दफनविधी नाकारला जायचा, हे खरं. १९८३ च्या कायद्यातून ते गेलं. आज धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो की त्यांच्या तारणाची आशा सोडायची नाही, देवाला त्यांच्यापर्यंत पोचायचे मार्ग ठाऊक आहेत, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. मी त्याचं नाव आईच्या नावाबरोबर घेते. तूही काकांबरोबर त्याचं घेत जा. आपल्या माणसाच्या पाठीमागे आणखी एक परकं नाव लावलं की प्रार्थना मोठी होते, हा माझा अनुभव आहे.

बाकी करायचं काय, ते थोडक्यात. मिस्सामध्ये अर्पणाच्या प्रार्थनेत मृतांची आठवण येते तिथे फादर क्षणभर थांबतात. रविवारी तिथे आपलं लक्ष भरकटलेलं असतं. त्या क्षणी काकांचं नाव मनात घे. रात्री रोझरी जमली नाही तर एकच दशक म्हण. काकांच्या नावाने कुणाला तरी जेवू घाल. दारूपायी घर उघड्यावर पडलेली एखादी बाई तुमच्या नगरमध्येही असेल, तिच्या पोराची वह्यापुस्तकं घेऊन दे. हेही मृतांच्या नावे अर्पण करता येतं, आणि काकांच्या बाबतीत मला हेच सगळ्यात योग्य वाटतं. तुझा नवरा म्हणेल, मी प्रार्थना नाही करणार, पण सोबत येईन. येऊ दे. सोबत येणंही खूप आहे.

१ ते ८ नोव्हेंबर ह्या आठ दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी मनातल्या मनात का होईना प्रार्थना केली, आणि कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना केली, पापाची ओढ मनापासून सोडली, तर त्याची पूर्ण सूट मृतांच्या नावे देता येते, रोज एकदा. ती तू काकांना दे. कन्फेशनला किती वर्षांत गेली नाहीस, मी विचारत नाही. पण ते आठ महिने तिथेच ठेवून यायचे असतात.

२ नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमीत मिस्सा आहे. आदल्या दिवशी आपण दोघी जाऊन गवत काढू, क्रुस धुऊन घेऊ. झेंडू मी वाडीतला तोडून ठेवते, मेणबत्त्या आणल्या आहेत. काकी वर्षभर त्या कबरीपाशी एकटीच उभी राहते. तू ये.